यझाकीचा शिक्का, माझा हात

मी, उशियामा किन्जी, वय एकोणऐंशी, धंदा जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री व दुरुस्ती, राहणार ओकाया, सुवा सरोवराकडे उतरणाऱ्या गल्लीतले शेवटून दुसरे घर, हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही प्यालेलो नाही. डोके ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठी नोटरी मोरोझुमीबाईंनी मला आजची तारीख, वार आणि मुलीची जन्मतारीख विचारली. तारीख व वार लगेच सांगितले. मुलीच्या जन्मतारखेला वेळ लागला, पण तो चाळीस वर्षांपूर्वीही लागत असे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मजकूर मी बोललो आणि बाईंनी लिहून घेतला. पहिल्याच पानावर त्यांनी पेन खाली ठेवले. "काका, मृत्युपत्रात एवढ्या गप्पा नसतात हो."

"बाई, मी जन्मभर गप्पा मारूनच माल विकला. नुसता माल कोण घेतो?"

"बरं, बोला. मरण तुमचं आहे."

तेव्हा मुद्द्याचे आधी सांगतो. या कागदात घर आहे, दुकान आहे, कॅमेरे आणि लेन्स आहेत. ते वाटायला नोटरी लागली नसती. खरे काम एकच आहे. यझाकी मित्सुओ नावाचा माणूस माझ्याकडे सात वर्षे कामाला होता. तीस वर्षांपूर्वी माझी एक चूक त्याच्या माथी मारली गेली, ती मी मारली, आणि त्याचे नाव या धंद्यातून पुसले गेले. ते नाव त्याला परत करायचे आहे. ते कसे करायचे याचा माझा बेत होता. तो कागद पुरा होईपर्यंत टिकला नाही. कागद तीन बैठकांत लिहिला आहे. जिथे खाडाखोड आहे तिथे ती तशीच राहू द्यावी, स्वच्छ प्रत करू नये, असे मी बाईंना बजावले आहे.

कलम १. घर व खालचे दुकान मुलगी चिहारु, राहणार नागोया, हिला देतो. ती ते विकणार आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्याला माझी हरकत नाही. मागच्या अंगणातली विटांची भिंत नव्या मालकाने पाडली तरी चालेल. कॅमेरा दुरुस्त झाला की तो नीट बघतो की नाही हे तपासायला आम्ही त्या भिंतीचे फोटो काढत असू; विटांचे सांधे खोटे बोलत नाहीत. नुसत्या विटांवर रोल कशाला घालवायचा म्हणून मी चिहारुला बाजूला उभी करत असे. त्यामुळे तिच्या लहानपणच्या झाडून सगळ्या फोटोंत विटा आहेत, आणि त्या बहुतेक तिच्यापेक्षा स्पष्ट आहेत. परवा फोनवर ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही मागे भिंत शोधत होतात." खरे आहे. तिथे भिंत नव्हती, पडदे होते.

कलम २. बँकेत जे उरेल तेही तिचेच. किती आहे ते बँक सांगेल.

कलम ३. अंत्यविधीला लावायचा फोटो तयार आहे. तो इचिनोसे कानाए हिने काढला आहे. ही बाई इथल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते, वय सेहेचाळीस, आणि नऊ वर्षांपासून माझे गिऱ्हाईक आहे. फोटो माझ्या दुकानातल्या पस्तीस वर्षे जुन्या कॅमेरा-बॉडीवर, पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने, रोलवर काढलेला आहे. फोकस डाव्या डोळ्यावर आहे. कान थोडे धूसर आहेत. ते तसेच असायला हवेत. अंत्यविधीवाल्यांनी तो संगणकावर घेऊन माझा चेहरा गुळगुळीत करू नये, आणि मागे ढग घालू नयेत.

कलम ४. विक्रीचा माल. दुकानातले बहुतेक कॅमेरे सन १९८५ ते २००० मधले आहेत: रोल घालायचे, पण फोकस स्वतः करणारे. त्यातला पहिला बाजारात आला तेव्हा मी तळ्याच्या पलीकडच्या एका कारखान्यात लेन्सची चाके बसवत होतो. आमचे जुने मुकादम म्हणाले होते, "कॅमेराच बघणार असेल तर आपण काय, चहा प्यायचा?" मी त्यांना हसलो, पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि हे दुकान काढले. पहिली पंधरा वर्षे बरी गेली. पुढची वीस वर्षे या कॅमेऱ्यांना कुत्रे विचारत नव्हते. लोकांना एक तर त्याआधीचे धातूचे हवे असत, नाहीतर नंतरचे बिनरोलचे. हे मधले, काळ्या प्लॅस्टिकचे, दारातल्या भंगाराच्या टोपलीत पडून असत, पाचशे येनला एक, परत घेणार नाही अशी पाटी लावून. आता तिशीतली माणसे तोकियोहून आगगाडीने येतात आणि हेच मागतात. का ते मी विचारत नाही.

चिहारुने माल विकताना पुढील गोष्टी गिऱ्हाइकाला सांगाव्यात. न सांगितल्यास माझे भूत येणार नाही, पण गिऱ्हाईक परत येईल. नुसते कंपनीचे नाव बघून लेन्स घेऊ नये. एका कंपनीने ऑटोफोकस आल्यावरही जुनाच माउंट, म्हणजे लेन्स बसायची कडी, ठेवला, दुसरीने तो साफ बदलला आणि जुन्या लेन्स घरी बसल्या. माउंटच्या कडेला पेचकसाच्या टोकासारखे काही दिसले, तर मोटर कॅमेऱ्यात आहे आणि तीच लेन्स फिरवते. असले टोक नसलेल्या बॉडीवर तीच लेन्स बसते, फोटोही येतो, पण फिरवावी लागते हाताने. लोक मग लेन्स बिघडली म्हणून भांडायला येतात. तिसऱ्याच कारखान्यांनी केलेल्या काही जुन्या लेन्स नंतरच्या बॉडींवर बसतात, पण पहिलाच फोटो काढताना कॅमेरा अडून बसतो. त्या जुन्या बॉडीबरोबरच द्याव्यात. लेन्समधून टॉर्च मारून बघावा. धूळ असली तर असू द्यावी, बुरशीचे जाळे असले तर घेऊ नये. बॉडी घेताना स्वतःची बॅटरी खिशात घेऊन जावे, आणि पाठ उघडून शटरच्या पडद्याच्या पात्यांवर काळा चिकट डाग आहे का ते पाहावे. आतला स्पंज वितळून तिथे येतो. डाग असला तर दुकानात कॅमेरा छान वाजतो आणि घरी गेल्यावर बंद पडतो.

शेवटचे असे की, यातले सुरुवातीचे कॅमेरे मधल्या चौकटीत फक्त उभ्या रेषा ओळखतात. एकजण खिडकीच्या आडव्या पट्ट्यांचे फोटो काढायला बसला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आला. "काका, हा आंधळा कॅमेरा मला विकलात! नुसती लेन्स पुढे-मागे करत बसतो."

"उभा धर त्याला."

त्याने उभा धरला. लागला फोकस. "मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तू फक्त गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगाचं विचारलंस."

कलम ५. दंतवैद्य कासाहारा नोबोरु यांस रोलचे दहा डबे देतो. कारण असे. कारखान्यात मी ज्या ओळीवर काम करत होतो त्याच ओळीवर बनलेली, पोर्ट्रेटची एक पंच्याऐंशीची लेन्स माझ्याकडे होती. मी ती कोणाला देत नव्हतो. नातवंडांचे फोटो काढीन असे सांगून या गृहस्थांनी ती नेली. नातवंडांची लग्ने झाली. लेन्स अजून त्यांच्या काचेच्या कोरड्या कपाटात, मूळ पिशवीत आहे. मी जाऊन पाहिली आहे. विचारले तर म्हणाले, "वापरली की किंमत उतरते, उशियामा." मी म्हटले, "दातांचंही असंच सांगता का पेशंटला?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. दिलेल्या रोलची मुदत पुढच्या वर्षी संपते. बघू आता.

कलम ६. [खोडलेला मजकूर: दुकानातला दुरुस्तीचा बाक, भिंग, दिवा, मोजमापाची यंत्रे, सुट्या भागांची सर्व खणांची कपाटे, आणि दुरुस्तीसाठी ठेवलेले सर्व कॅमेरे व लेन्स मी यझाकी मित्सुओ, राहणार चिनो, यास देतो.] कलम सहा पूर्ण खोडले. खोडलेल्या अक्षरांची संख्या समासात लिहून तिथे माझा शिक्का मारला आहे. कारण पुढे येते.

कलम ७. जे घडले ते. हेइसेइ सहाचा, म्हणजे १९९४ चा, फेब्रुवारी होता. मार्चमध्ये शाळांचे निरोपसमारंभ, म्हणून फेब्रुवारीत या दरीतले सगळे फोटोग्राफर कॅमेरे साफ करून घ्यायला आणत. दुकानात आम्ही दोघेच. यझाकी एकतीस वर्षांचा होता आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी त्याला तेव्हा म्हटले नाही.

प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर एक चिठ्ठी असे. जो दुरुस्तीनंतर उघडलेला कॅमेरा बंद करील त्याने चिठ्ठीवर आपल्या नावाचा शिक्का मारायचा, आणि पुढे काही निघाले तर त्यानेच उत्तर द्यायचे. हा नियम मी केला होता. दोघांचे शिक्के बाकाच्या एकाच खणात असत.

नागाता नावाच्या डोंगरापलीकडच्या फोटोग्राफरची बॉडी यझाकीने उघडली होती. फोकस ठरवणारा सेन्सर आत तळाशी तीन स्क्रूंवर बसतो, आणि स्क्रूंच्या खाली कागदाहून पातळ पितळी चकत्या असतात. एक चकती कमी झाली तरी कॅमेरा बोटभर अलीकडचे पाहू लागतो. यझाकीने सगळे सुटे करून तबकात क्रमाने मांडले आणि दुपारी ताप चढला म्हणून तो घरी गेला. नागाताला बॉडी दुसऱ्या दिवशी हवी होती. मी ती बंद केली. एक चकती राहिली. नियमाप्रमाणे रोल घालून विटांचे फोटो काढायला हवे होते. मी दारातून समोरच्या पाटीवर कॅमेरा रोखला, बटण अर्धे दाबले, आत फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका लागला, आणि मी म्हटले, झाले. मग खणातून शिक्का काढून चिठ्ठीवर मारला. चिठ्ठीवर नाव यझाकीचे होते म्हणून शिक्काही यझाकीचा मारला. त्या क्षणी मनात काही वाईट नव्हते. हातातले काम संपवायचे होते.

नागाताने त्या बॉडीवर एका डोंगरातल्या शाळेच्या शेवटच्या वर्गाचे फोटो काढले. शाळा त्याच महिन्यात कायमची बंद होणार होती. एकोणीस मुले, एकेकाचा वेगळा फोटो, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे फोकस बोटभर चुकला तरी लपत नाही. त्यानेही हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवला. हे कॅमेरे आल्यापासून आम्ही सगळेच ठेवू लागलो होतो. फोटो धुऊन आले तेव्हा एकोणीसही मुलांच्या छातीवरचे कागदी फूल पाकळी न पाकळी स्पष्ट होते आणि चेहरे धूसर. पुन्हा बोलावले तेव्हा अठरा आली. एक घर तोवर गाव सोडून गेले होते.

नागाता फोटो घेऊन दुकानात आला. ओरडला नाही, नुसते ते बाकावर मांडले. मी चिठ्ठी काढली.

"यझाकी, हा शिक्का कोणाचा?"

"माझा."

"मग?"

"मालक, शिक्का माझा आहे, हात माझा नाही. मी त्या दुपारी घरी गेलो होतो. कॅमेरा उघडाच होता."

हे तो तीन वेळा म्हणाला. नागातापुढे एकदा आणि नंतर दोनदा. त्या आठवड्यात मी अकरा कॅमेरे बंद केले होते, आणि हा त्यातला एक होता हे मला खरोखर आठवत नव्हते. चिठ्ठीवर शिक्का होता. एप्रिलमध्ये मी त्याला काढले. मात्सुमोतोला दर महिन्याला व्यापाऱ्यांचा लिलाव भरतो, तिथे लोकांनी विचारले आणि मी सांगितले. नंतर थेट कोफू शहरापर्यंत कोणी त्याला बाकावर बसवले नाही. तो चिनोला एका मोठ्या बाजाराच्या वाहनतळावर गाड्यांना हात दाखवायचे काम करू लागला. अजून तेच करतो.

आता खरा गुन्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधी साफसफाई करताना, खणातल्या कागदाखाली ती चकती सापडली. सापडताक्षणी सगळे आठवले: पाटी, ठिपका, शिक्का. दुकानात फोन होता. यझाकीचा नंबर पाठ होता. मी फोन केला नाही. मला लाज वाटली, दुसरे कारण नाही. माझी पत्नी सुमिए हिला मी त्या रात्री जेवताना सांगितले. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून या." पुढे दर नव्या वर्षाला ती यझाकीला पाठवायचे कार्ड माझ्यासमोर ठेवी आणि म्हणे, "यंदा तरी एक ओळ लिहा." मी शुभेच्छा लिहीत असे. ती सहा वर्षांपूर्वी गेली, तोवर दर वर्षी हेच. माझ्यामुळे एका भल्या बाईला चोवीस वर्षे एक खोटी गोष्ट सांभाळावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

कलम ८. डॉक्टरांनी मला वसंत ऋतूपर्यंतचे सांगितले आहे. म्हणून गेल्या महिन्यात, कलम सहा लिहून झाल्यावर, मी चिनोला यझाकीच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडले. केस पांढरे झाले आहेत, पाठ ताठ आहे.

"मालक? या. जोडे तिथेच राहू द्या, खाली पाय ठेवाल तिथे स्क्रू असतील."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले होते आणि त्यावर एक बॉडी उघडून ठेवलेली, आमच्याच काळातली. स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्यात क्रमाने लावलेले. कोपऱ्यातल्या फळीवर आणखी दहाबारा कॅमेरे, प्रत्येकाला चिठ्ठी.

"हे काय?"

"सुट्टीच्या दिवशी भंगाराच्या टोपल्या धुंडाळतो. तुमची सोडून." त्याने चहा ठेवला. "दुरुस्त करतो, कामावरच्या कुणाला हवा असला तर देतो. आमच्या वाहनतळावर सहाजण रोल वापरतात आता. काय काम काढलंत एवढ्या लांब?"

"नागाताच्या कॅमेऱ्याचं सांगायचं होतं."

"चकती तुम्ही विसरलात."

"तुला ठाऊक होतं?"

"मालक, मी पांघरुणात पडलो होतो. तिथून कॅमेरा बंद करायची विद्या मला अजून येत नाही."

मी त्याला सगळे सांगितले, ऑगस्टचे सुद्धा. ऑगस्टचे त्याला ठाऊक नव्हते. त्याने कप खाली ठेवला. मला वाटले होते तो मला बाहेर काढील. काढले असते तर मला बरे वाटले असते.

"म्हणजे चार महिन्यांनी कळलं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती."

मी मान खाली घातली, टेबलाला कपाळ टेकवले आणि माफी मागितली. त्याने "उठा" म्हटले नाही, मी आपणच उठलो. मग मी कलम सहा त्याला वाचून दाखवले.

"नको," तो म्हणाला.

"अरे, बाक तुझाच आहे. त्या बाकावर माझ्यापेक्षा तू..."

"नको म्हटलं ना. मी तो बाक घेतला की लोक काय म्हणतील? म्हातारा मरताना विरघळला, चुकार नोकराला मोठ्या मनानं माफ करून गेला. म्हणजे मोठे तुम्हीच. मला हत्यारं नकोत, मालक. माझ्याकडे आहेत. जे झालं ते लिहा. आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

"तू मेल्यावर वाचायचा कागद आहे हा. मी मेल्यावर, म्हणजे."

"तेच सांगतोय. मेल्यावर नाही. साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचावा लागतो ना? चौकशी केलीय मी, बायकोच्या मृत्युपत्राच्या वेळी. वाचताना तुम्ही तिथे बसायचं, मी तिथे बसणार. आणि दुसरा साक्षीदार तो तुमच्या शेजारचा ईलवाला फुजिमोरी घ्या."

"फुजिमोरी? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"म्हणूनच."

कलम ९. फुजिमोरी तोकुजी हा माझा शेजारी. त्याच्या दुकानात दिवसभर ईल मासे भाजतात आणि त्याचा धूर चाळीस वर्षे माझ्या लेन्सवर बसला. त्याबद्दल त्याला काहीही देत नाही. यझाकीला मी काढले ती बातमी या गल्लीत त्यानेच फिरवली होती, तिखटमीठ लावून, गिऱ्हाइकाच्या भातावर मसाला टाकता टाकता.

मी परत येऊन मोरोझुमीबाईंना सांगितले की यझाकी साक्षीदार होणार, आणि कलम सहाही राहू द्या, तो तोंडाने नको म्हणाला तरी नंतर घेईल. बाईंनी चष्मा काढला.

"काका, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, तो साक्षीदार होऊ शकत नाही. कायदा आहे."

"मग बाक त्याच्या मुलीच्या नावे करा."

"मुलगी, बायको, आई, बाप, कुणाच्याही नावे केलात तरी तो बाद. दोन्हीपैकी एक. बाक द्यायचा, नाहीतर सही घ्यायची."

मी चिनोला फोन केला. आता केला. त्याला कायदा समजावून सांगितला. बाक आज बाजारात काय किमतीला जाईल तेही सांगितले, कारण ते न सांगता त्याला विचारणे पुन्हा फसवल्यासारखे झाले असते.

"हे मला आधीच ठाऊक आहे, मालक," तो म्हणाला. "म्हणून तर साक्षीदार म्हटलं."

कलम १०. सबब कलम सहा खोडले. त्यातले सर्व, बाकासह, इचिनोसे कानाए हिला देतो. तिला दुरुस्ती येत नाही. तिने स्वतःच मला हे सांगितले, आणि मग मी घेऊन काय करू, असे विचारले. मी म्हटले, बाक रिकामा ठेवू नकोस, कुणाला बसवायचे ते तू ठरव. त्यात माझे मत घालण्याचा मला अधिकार उरलेला नाही. कलम सात आणि आठ यांची प्रत मात्सुमोतोच्या व्यापारी मंडळाला मी आजच टपालाने पाठवली आहे; त्यासाठी कोणी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम ११. वरील सर्व मजकूर आज मोरोझुमीबाईंनी त्यांच्या कचेरीत, माझ्यासमोर व दोन्ही साक्षीदारांसमोर, पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला. कलम सात वाचताना मी जमिनीकडे बघत होतो. फुजिमोरी आपल्याबद्दलचे वाक्य आले तेव्हा खुर्चीत सरसावून बसला, आणि सातपासून नऊ संपेपर्यंत तो गप्प होता ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. नंतर तो यझाकीकडे वळला.

"म्हणजे मी इतकी वर्षं खोटंच सांगत होतो होय रे?"

"आता खरं सांगा," यझाकी म्हणाला. "तेवढंच रंगवून."

"रंगवायला कशाला हवं? आहे तेच पुरे आहे." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "किन्जी, तू अगदी नालायक माणूस निघालास." हे मी बाईंना लिहून घ्यायला सांगितले आणि त्यांनी लिहिले.

मजकूर बरोबर आहे का असे बाईंनी यझाकीला विचारले. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: ताप दुपारी नव्हे, सकाळीच चढला होता, पण तबक मांडून होईपर्यंत तो थांबला. तशी नोंद इथे करतो.

साक्षीदारांचे नाव, वय, पत्ता व व्यवसाय बाईंनी ओळखपत्रांवरून आधीच लिहून ठेवले होते. यझाकीने स्वतःच्या नावापुढचे वाचले, पेन मागून घेतले, एक शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. बाई म्हणाल्या, "यझाकी, तुमच्या ओळखपत्रावर वेगळं आहे." तो म्हणाला, "तुम्ही अक्षरं मोजा, मी शिक्का मारतो." बाईंनी अक्षरे मोजली. कोणी हरकत घेतली नाही.

हे माझे अखेरचे म्हणणे आहे. वाचून ऐकले, समजले, कबूल आहे.

स्थळ: नोटरी कचेरी, सुवा. दिनांक: रेइवा ६ (सन २०२४), डिसेंबर ५, गुरुवार.

मृत्युपत्र करणार: उशियामा किन्जी. सही. शिक्का.

नोटरी: मोरोझुमी आकिको. सही. शिक्का.

साक्षीदार: फुजिमोरी तोकुजी, वय चौऱ्याहत्तर, राहणार ओकाया. व्यवसाय: खाणावळ. सही. शिक्का.

साक्षीदार: यझाकी मित्सुओ, वय एकसष्ट, राहणार चिनो. सही. शिक्का. व्यवसाय: [वाहनतळ रखवालदार: खोडले] कॅमेरा दुरुस्ती.